हालचाल आणि स्थैर्य : बालकाच्या मेंदूची घडण

आमच्या वसतिगृहातील सकाळच्या वंदनेला दोन रांगा नेहमी लक्ष वेधून घेतात. अगदी पुढे पहिली-दुसरीची मुले बसतात, अगदी मागे नववी-दहावीची. त्रिसरण-पंचशील होऊन मौनाची दहा मिनिटे सुरू झाली की पुढच्या रांगेत कोणाचा पाय हलू लागतो, कोणी सदऱ्याचे बटण फिरवीत राहतो, कोणी शेजाऱ्याच्या पाठीवर बोटाने अक्षरे गिरवतो. मागची रांग मात्र स्तब्ध असते. हे पाहून पाहुणे म्हणतात, 'शिस्त अंगी बाणायला वेळ लागतोच.' हे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यात एक मोठी गोष्ट सुटून जाते. या दोन रांगांमध्ये केवळ शिस्तीचे अंतर नाही. त्यांच्यामध्ये मेंदूच्या घडणीची आठ-नऊ वर्षे आहेत. ही घडण कशी होते, हे शिक्षक, अधीक्षक आणि पालक या तिघांनीही समजून घ्यावे, या हेतूने आम्ही हा अभ्यास मांडीत आहोत.

हालचालीची आज्ञा मेंदूतून निघते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते सिद्ध मात्र फार उशिरा झाले. १८७० साली बर्लिनमध्ये गुस्ताव फ्रिट्श आणि एदुआर्द हित्झिग या दोन तरुण वैद्यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युत्प्रवाहाचा स्पर्श केला, तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूच्या पायाचे स्नायू आकुंचन पावले. प्रयोगासाठी प्रयोगशाळा मिळाली नव्हती. तो हित्झिग यांच्या राहत्या घरी झाला. पुढे कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड या शल्यविशारदांनी अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना, रुग्ण जागा असतानाच, मेंदूचे असे एकेक बिंदू तपासले आणि १९३७ साली माणसाच्या प्रेरक क्षेत्राचा नकाशा प्रसिद्ध केला. कानापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत जाणाऱ्या त्या पट्टीत संपूर्ण शरीर मांडलेले असते. पण प्रमाण निराळेच. पाठीला चिमूटभर जागा, तर हाताच्या बोटांना, ओठांना आणि जिभेला ऐसपैस. ज्या अवयवाची हालचाल अधिक नाजूक, त्याला अधिक जागा, असा तेथील न्याय आहे.

या शोधांमुळे एक चित्र सर्वांच्या मनात रुजले : मेंदू हा राजा, हातपाय त्याचे चाकर. हे चित्र आपल्या समाजाला चटकन पटते, याचे कारण मेंदूत नसून समाजात आहे. डोक्याने चालणारी कामे श्रेष्ठ आणि हाताने होणारी कनिष्ठ, असे जेथे शतकानुशतके मानले गेले, तेथे शरीराच्या आतही तीच उतरंड दिसावी, यात नवल नाही. परंतु तान्ह्या बालकाच्या मेंदूचा अभ्यास जसजसा वाढत गेला, तसतसे हे चित्र अपुरे ठरत गेले. आरंभीच्या काळात हात आज्ञा घेत नाहीत. हातच मेंदूला शिकवतात.

गर्भाची पहिली हालचाल सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. आईला ती जाणवते साधारण पाचव्या महिन्यात. त्या पहिल्या हालचालींच्या वेळी मेंदूच्या बाह्य थराचा मज्जारज्जूशी संबंधही जुळलेला नसतो. हालचाल निर्माण होते ती मज्जारज्जूत आणि मस्तिष्कस्तंभात. जन्मानंतरही काही काळ हाच क्रम टिकून राहतो. तान्हे मूल झोपेत एकाएकी बोट उडवते, पाय झटकते, ओठ हलवते, मध्येच हसते. आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी बाई म्हणत, सटवाई त्याला खेळवते आहे. सटवाईचा तेथे काही संबंध नाही. पण त्या आचक्यांकडे लक्ष देणाऱ्या त्या बाईंची नजर मात्र अचूक होती. वैज्ञानिकांनी त्यांच्याकडे फार उशिरा पाहिले.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रान्समधील संशोधकांनी, मुदतीच्या सुमारे दहा आठवडे आधी जन्मलेल्या बालकांच्या डोक्यावर विद्युत्-आलेखाची टोके लावून निरीक्षण केले. बालकाचा हात आपोआप हलला की त्यानंतर विरुद्ध बाजूच्या मेंदूत, नेमक्या हाताच्या क्षेत्रात, एक ठळक तरंग उमटत होता. क्रम ध्यानात घ्यावा : आधी हात, मग मेंदू. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात मार्क ब्लुमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पिलांवर दीर्घकाळ काम करून हीच गोष्ट अधिक खोलवर दाखवली. पिलांच्या झोपेतील आचके मस्तिष्कस्तंभातून निघतात. ज्याला आपण प्रेरक क्षेत्र म्हणतो, ते त्या वयात हुकूम देत नाही, तर अंगातून येणारी वार्ता ऐकते. जेथून पुढे आज्ञा निघणार आहेत, ते स्थान आधी श्रोत्याचे काम करते. हा हात माझा, तो येथे आहे, तो वाकतो तेव्हा असे वाटते, अशी ओळख झोपेतल्या हजारो लहान आचक्यांतून पटत जाते.

जागेपणीच्या हालचालींनाही अर्थ असतो. हाइन्झ प्रेख्टल यांनी तान्ह्या मुलांच्या उत्स्फूर्त हालचालींचा जन्मभर अभ्यास केला. तिसऱ्या महिन्याच्या आसपास निरोगी बालकाच्या मानेत, मनगटांत, घोट्यांत सतत एक हलकी, वळणदार, न थांबणारी हालचाल दिसते. ती अजिबात न दिसणे, हा पुढे मस्तिष्कघात होण्याचा एक भरवशाचा पूर्वसंकेत मानला जातो. यंत्र नको, सुई नको; पाठीवर निजलेल्या, जाग्या आणि प्रसन्न बालकाकडे जाणत्या डोळ्यांनी काही मिनिटे पाहावे, एवढेच.

आता मेंदूतून खाली येणाऱ्या मार्गाकडे वळू. प्रेरक क्षेत्रातून निघालेले, प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख, तंतू मस्तिष्कपुच्छात येतात. तेथे त्यांतील बहुसंख्य बाजू बदलून पलीकडे जातात आणि मज्जारज्जूत उतरतात. म्हणूनच उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात असतो. हे तंतू गर्भाच्या सहाव्या महिन्याच्या सुमारास मानेच्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात. परंतु पोहोचणे म्हणजे कामास लागणे नव्हे. त्यांच्यावर मायलीन नावाचे स्निग्ध आवेष्टन चढावे लागते. ते चढले की संदेश कितीतरी पटींनी जलद धावतो. पहिली दोन वर्षे हे काम वेगाने होते आणि नंतरही बराच काळ चालू राहते. हे काम कोठवर आले, ते पाहण्याची एक साधी खूण जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली वर्णिली. तळपायाच्या कडेवरून बोथट वस्तू हळूच ओढली असता मोठ्या माणसाची बोटे खाली वळतात; तान्ह्या मुलाचा अंगठा मात्र वर उचलला जातो. दीड-दोन वर्षांच्या आतबाहेर मुलाचा अंगठाही खाली वळू लागतो. वरून येणाऱ्या मार्गाने पायाचा ताबा घेतल्याची ती खूण होय. याच काळात, नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास, मूल अंगठा आणि तर्जनी जुळवून जमिनीवरचा चुरमुऱ्याचा दाणा उचलू लागते. घरच्यांना ती गंमत वाटते. प्रत्यक्षात मेंदू आणि बोटे यांच्यातील सर्वांत नाजूक जोडणी कामाला लागल्याची ती वर्दी असते.

या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते, कारण अज्ञानामुळे सर्वाधिक नुकसान येथे होते. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याबाहेर धरलेल्या कुंडलीतून चुंबकीय स्पंद देऊन, कवटी न उघडता आणि वेदना न होता, मेंदूचे प्रेरक क्षेत्र उद्दीपित करण्याची रीत शोधली. ती वापरून न्यूकॅसल येथील जॅनेट आयर यांनी नवजात बालकांचा अभ्यास केला. त्यांना आढळले की जन्मवेळी मेंदूच्या एका बाजूचा संबंध दोन्ही हातांशी असतो. पहिल्या दोन वर्षांत त्याच बाजूच्या हाताकडे जाणारे तंतू माघार घेतात आणि विरुद्ध बाजूचे बळावतात. हे आपोआप होत नाही. त्यात चढाओढ असते. ज्या तंतूंना काम मिळते ते टिकतात, ज्यांना मिळत नाही ते मागे हटतात. जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका बाजूला इजा झाली, तर त्या बाजूचे दुबळे तंतू स्पर्धेत हरतात आणि निरोगी बाजू दोन्ही हातांवर आपला पगडा ठेवते. दुबळा हात मग अधिकच दुबळा होतो; इजेमुळे थोडा आणि वापराविना पुष्कळ.

म्हणून पालकांना आमचे कळकळीचे सांगणे असे की, वर्षाच्या आतील मूल जर नेहमी एकच हात पुढे करीत असेल आणि दुसऱ्याची मूठ आवळलेली राहत असेल, तर 'आमचे बाळ डावखुरे निघणार' किंवा 'उजव्या हाताचा पक्का आहे' असे म्हणून कौतुक करू नये. हाताची आवड त्या वयात ठरत नसते. ते मूल लगेच डॉक्टरांना दाखवावे. 'याचे वडीलही उशिरानेच चालले होते' हे वाक्य आम्ही शाळेच्या प्रवेशाच्या दिवशी अनेकदा ऐकले आहे. सहा वर्षांच्या मुलाबाबत ते ऐकताना मनात येते की हेच मूल सहा महिन्यांचे असताना कोणी पाहिले असते, तर त्याच्या हाताची चढाओढ अजून चालू होती.

चालण्याविषयीही एक गमतीची, पण विचार करायला लावणारी गोष्ट आहे. नवजात बालकाला बगलेत धरून पाय टेकवले की ते पावले टाकल्यासारखे करते. दोन महिन्यांनंतर हे नाहीसे होते. मेंदूचा वरचा भाग जागा झाला आणि त्याने ही आदिम प्रतिक्रिया दाबून टाकली, असे पाठ्यपुस्तके सांगत. एस्थर थेलेन या अमेरिकन संशोधिकेला ते पटले नाही. १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी अशा बालकांना छातीपर्यंत पाण्यात धरले, आणि मंदावलेली पावले पुन्हा पडू लागली. उलट, लहान बालकाच्या पायांना किंचित वजन बांधले की ती कमी झाली. पायांवर चरबी चढली होती आणि ते उचलण्याइतके बळ स्नायूंत आले नव्हते, इतकेच! मेंदूच्या नावावर टाकलेली गोष्ट मांड्यांची निघाली. मुलाच्या हालचालीत काही कमी दिसले की आपण लगेच त्याच्या 'डोक्याविषयी' बोलू लागतो. त्यांनी हा प्रयोग आठवावा.

मेंदूतील विद्युत् लहरी प्रथम टिपल्या त्या जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या १९२९ मध्ये. पुढे असे दिसले की प्रेरक क्षेत्रावर, माणूस स्वस्थ असताना, कमानीच्या आकाराची एक लय उमटते. तिला 'म्यू' असे ग्रीक अक्षराचे नाव आहे. बोट हलवले, किंवा नुसते हलवण्याचे मनात आणले, तरी ती मोडते. लेझीमचे पथक उभे असते तेव्हा सर्वजण एका ठेक्यावर झुलत असतात. प्रत्यक्ष कामे वाटून दिली की जो तो आपल्या कामाला जातो आणि तो ठेका ऐकू येईनासा होतो, तसेच हे. तान्ह्या मुलात ही लय अगदी संथ असते. तिसऱ्या महिन्याच्या आसपास सेकंदाला सुमारे ३ आवर्तने, वर्ष पूर्ण होताना ७-८, चौथ्या वर्षी ९ च्या जवळ आणि प्रौढपणी १०. मूल दुसऱ्याला वस्तू उचलताना पाहते, तेव्हाही ही लय मंदावते. यावरून काहींनी फार मोठे मनोरे रचले आहेत. ते आम्हांस मान्य नाहीत. परंतु पाहणारे मूल निव्वळ प्रेक्षक नसते, एवढे मात्र त्यातून निश्चित दिसते.

याहून जलद, सेकंदाला १५ ते ३० आवर्तनांची 'बीटा' नावाची दुसरी लय आहे, आणि आमच्या पुढच्या रांगेचे उत्तर पुष्कळसे तिच्यात आहे. हालचाल करण्यापूर्वी ती क्षीण होते, हालचाल चालू असेपर्यंत क्षीणच राहते, आणि हालचाल संपल्यावर क्षणार्धात उसळून मूळ पातळीच्याही वर जाते. हातातले काम झाले, आता थांबा, असे जणू मेंदू स्वतःला बजावतो. या उसळीचा संबंध गॅबा या, चेतापेशींना शांत करणाऱ्या रसायनाशी असल्याचे दिसून आले आहे. मेंदूचे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजून टोरांटो येथील संशोधकांनी २०१० साली तीन वयोगटांची तुलना केली. चार ते सहा वर्षांच्या मुलांत ही उसळी अगदी थोडी होती, अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांत अधिक, प्रौढांत पूर्ण. म्हणजे बोट हलवण्याची व्यवस्था पहिलीतल्या मुलाजवळ असते. हलवून झाल्यावर ते पुन्हा स्थिर करण्याची व्यवस्था अजून बांधली जात असते. स्थैर्य ही हालचालीची उणीव नव्हे. ती मेंदूची स्वतंत्र क्रिया आहे, आणि ती उशिरा येते.

हीच गोष्ट लिहिणाऱ्या मुलात उघड्या डोळ्यांनी दिसते. पहिलीतले मूल 'क' काढताना जिभेचे टोक बाहेर काढते. पाटी धरलेल्या डाव्या हाताची बोटेही बारीक बारीक हलत असतात. एका हाताला दिलेली आज्ञा दुसरीकडे पाझरते. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा जाड सेतू परिपक्व होऊन एका बाजूने दुसरीला 'तू थांब' असे म्हणता येऊ लागले की हे पाझरणे कमी होते. साधारण दहाव्या वर्षापर्यंत ते बहुतेक मुलांत ओसरते. ज्या पिढीने अक्षर वळणदार नाही म्हणून बोटांच्या पेरांवर पट्टी खाल्ली, त्या पिढीतले आम्ही आहोत. मारणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते. आता ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

मेंदूच्या वाढीचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. ४ ते २१ वर्षांच्या मुलामुलींच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेऊन अमेरिकेत झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. स्पर्श आणि हालचाल यांची क्षेत्रे आधी परिपक्व होतात, तर योजना, संयम आणि निवड यांत भाग घेणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी. २०२३ साली पेनफील्ड यांच्या नकाशातही एक दुरुस्ती झाली. पाय, हात आणि चेहरा यांच्या क्षेत्रांमधल्या जागांत असे भाग आढळले की जे कोणा एका अवयवाचे नाहीत. ते संपूर्ण शरीराची कृती, बेत आणि अंतर्गत अवयवांची स्थिती यांची सांगड घालतात. त्याच संशोधनात तपासलेल्या नवजात बालकात हे जाळे दिसले नाही, अकरा महिन्यांच्या बालकात दिसले, आणि नऊ वर्षांच्या मुलात ते जवळजवळ प्रौढांसारखे होते. ही निरीक्षणे एकेका मुलाची आहेत, तेव्हा त्यांवर फार भार टाकू नये.

वापराने मेंदू बदलतो, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांचे मेंदूतील क्षेत्र इतरांपेक्षा मोठे असते, आणि ज्यांनी लहानपणी आरंभ केला त्यांच्यात ते अधिक मोठे, असे १९९५ साली दाखवले गेले. आमच्याकडे येणाऱ्या मुलांनी व्हायोलिन पाहिलेले नसते. परंतु ऊसतोडीच्या फडावर जन्म काढलेल्या घरातील सहा वर्षांची मुलगी मोळीचा पीळ कसा देते, केरसुणी कशी बांधते, तान्ह्या भावाला कमरेवर घेऊन हंडा कसा तोलते, हे आम्ही पाहिले आहे. त्या कष्टांचे आम्ही गोडवे गात नाही. ते तिच्या वाट्याला यायला नको होते. पण तिने पेन्सिल प्रथमच धरली म्हणून तिचे हात 'अशिक्षित' ठरवणे, हे मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने निव्वळ चूक आहे. मेंदूतील एकूण सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६९०० कोटी तोल आणि सुसूत्रता सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कात असतात. त्या मुलीच्या अनुमस्तिष्काने पेन्सिल पाहिली नव्हती, एवढेच.

भगवान बुद्धांच्या उपदेशात हे सारे आधीच होते, असा दावा आम्ही करणार नाही. तो विज्ञानावरही अन्याय होईल आणि धम्मावरही. तरीही सतिपट्ठान सुत्तातील कायानुपस्सनेचा भाग शिक्षकांनी पुन्हा वाचावा. तेथे साधकाला केवळ बसायला सांगितलेले नाही. चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चार ईर्यापथांत चालणे पहिले आहे. पुढे हात आखडणे आणि पसरणे, पात्र व चीवर धारण करणे, खाणे-पिणे या साऱ्यांचे भान ठेवायला सांगितले आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेतील चूळपंथकाची कथाही येथे आठवते. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहारातून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्रखंड दिले आणि ते हाताने चोळीत राहण्यास सांगितले. त्याची बुद्धी जागी झाली ती हाताच्या वाटेने. कथा ती कथाच. पण पाठांतरात मागे पडलेल्या मुलाला घरी पाठवायचे की त्याच्या हाती काही द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक जूनमध्ये आमच्यापुढे येतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही वंदनेच्या वेळापत्रकात छोटा बदल केला. पहिली-दुसरीची मुले आता आधी बोधिवृक्षाभोवती सावकाश चंक्रमण करतात, प्रत्येक पावलाकडे लक्ष देत. मग ती तीन मिनिटे बसतात. चौथीपर्यंत ती पाच होतात, आणि दहा मिनिटांचे मौन सातवीनंतर. हस्ताक्षराच्या तासाआधी ती माती मळतात, दोऱ्यात मणी ओवतात. पट्टी कपाटात गेली आहे आणि केवळ रेघा आखायला बाहेर येते.

पुढच्या रांगेत पाय अजूनही हलतात. मागच्या रांगेतले हलत नाहीत. आणि त्या रांगेतील बहुतेक जण आठ-नऊ वर्षांपूर्वी पुढच्याच रांगेत बसत होते.